गेलेल्या गॅसचा हिशोब

एप्रिल लागला की बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई अशा कुठल्याही गावात एसीच्या गॅरेजसमोर जुन्या गाड्या येऊन थांबतात. बोलेरो, टवेरा, सुमो, इंडिका, पहिल्या खेपेतल्या स्कॉर्पिओ. एमएच २३ किंवा एमएच ४४ची पाटी, दहा-पंधरा वर्षांचा वापर. तक्रार एकच असते, 'कूलिंग येत नाही', आणि उत्तरही बहुतेक वेळा एकच मिळतं, 'गॅस भरून घ्या'. माझा वाद या उत्तराशी आहे. तो एकट्यानं घालण्यात अर्थ नाही, म्हणून समोर एक मालक बसवले आहेत. ते कुणी एक गृहस्थ नव्हेत. लग्नसराईत गाडी भाड्यानं देणारे, पेशंट घेऊन छत्रपती संभाजीनगरला खेपा मारणारे, परळीच्या वैद्यनाथाला भाविक नेणारे असे जे शेकडो जण आहेत, ते जे बोलतात तेच मी मालकांच्या तोंडी घातलं आहे. बीड जिल्ह्याचा प्रवास आजवर मुख्यतः रस्त्यावरच झाला. बीड शहरात रेल्वे आली ती २०२५ साली. तेव्हा भाड्याच्या गाडीतला एसी ही इथं चैन म्हणून मोजता येत नाही, आणि मालकांचं म्हणणं कच्चं करून मांडणंही बरोबर होणार नाही.

मालक म्हणतात, "सर, गाडी बारा वर्षांची झाली. मार्चमध्ये गॅस भरतो, जूनपर्यंत ओढतो, पाऊस पडला की एसी लागतच नाही. लीकेज शोधायचं म्हटलं तर गाडी दोन दिवस उभी. सीझनमधलं दोन दिवसांचं भाडं कोण देणार? आणि चाकातली हवा कमी झाली तर आपण हवाच भरतो की. मग गॅस भरला तर बिघडलं कुठं?"

चाकाचं उदाहरण मालकांनीच दिलं ते बरं झालं, कारण रोज सकाळी चाक बसलेलं दिसलं तर कुठलाही ड्रायव्हर नुसती हवा भरत बसत नाही, खिळा शोधतो. एसीच्या बाबतीत तो खिळा शोधायचं आपण सोडून दिलं आहे, कारण गॅस डिझेलसारखा खर्च होतो अशी समजूत रुजली आहे. तो खर्च होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पातळ होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटला की डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि उकळताना केबिनमधली उष्णता ओढून घेतो. मग पुन्हा कॉम्प्रेसरकडे. बंद वर्तुळ आहे. आत जेवढा घातला तेवढाच फिरत राहायला हवा. रबरी पाइपांतून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून थोडा निसटतो, हे मान्य. पण 'थोडा' म्हणजे किती, हे कुणीतरी मोजून ठेवलेलं आहे. युरोपीय संघानं २००६ साली केलेल्या नियमात एका कूलिंग कॉइलच्या गाडीसाठी वर्षाला ४० ग्रॅम आणि दोन कॉइलच्या गाडीसाठी ६० ग्रॅम ही गळतीची कमाल मर्यादा घातली. लहान गाडीत साधारण ४०० ते ६०० ग्रॅम गॅस मावतो. म्हणजे मर्यादेच्या अगदी कडेला असलेल्या गाडीचेही दोन वर्षांत फार तर ८० ग्रॅम जातील. ती नव्या गाडीची मर्यादा आहे, आपली जुनी म्हणून दुप्पट धरू. तरीही मार्चमध्ये भरलेला गॅस जूनमध्ये संपत असेल, तर ते वयोमानाचं लक्षण ठरत नाही. तिथं भोक आहे.

"पण मिस्त्री अंदाजानं थोडंच सांगतो? तो गेज लावून बघतोय की." मालकांचा हा मुद्दा वरवर बिनतोड आहे, आणि सगळी गडबड इथंच होते. बंद गाडीला गेज लावलं तर काटा गॅसचं तापमान दाखवतो, प्रमाण दाखवत नाही. आत थोडा जरी पातळ गॅस शिल्लक असेल तरी दाब फक्त तापमानावर ठरतो. आर-१३४ए हा या गाड्यांतला गॅस ४० अंशाला सुमारे १३३ पीएसआय दाब दाखवतो. आत २५० ग्रॅम असो की ५०० ग्रॅम, काटा तिथंच. सकाळी ३० अंशाला तीच गाडी ९७ दाखवेल आणि त्या मधल्या वेळात एक ग्रॅमही कुठं गेलेला नसेल. चालू गाडीवरचे दोन काटे, कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या बाजूचा लो साइड आणि कॉम्प्रेसरनंतरच्या बाजूचा हाय साइड, जास्त बोलतात, पण ते जोडीनं वाचावे लागतात. दोन्ही खाली असतील तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त झालाय किंवा कंडेन्सरला हवा मिळत नाही. लो साइड वर आणि हाय साइड खाली, म्हणजे कॉम्प्रेसर आतून झिजलाय. लो साइड पार व्हॅक्यूमकडे झुकली तर ड्रायर (गॅसमधला ओलावा टिपणारी डबी) किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्ह तुंबलाय. या चार तऱ्हांपैकी गॅस भरून सुधारणारी एकच आहे. बाकीच्या तिन्हींत गॅस भरला तर त्या दिवशी काही फरक पडल्यासारखं वाटेल, कदाचित तेवढंही वाटणार नाही, आणि बिघाड मात्र वाढलेला असेल.

गेजपेक्षाही जुना मापदंड म्हणजे हात. कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या पाइपाला घाम सुटला की गॅस बरोबर झाला, असं कित्येक ठिकाणी मानतात. ही खूण दमट किनाऱ्यावर कदाचित उपयोगी पडेल. मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की गॅस पुरेसा भरूनही पाइपाला नीट घाम सुटत नाही. मग मिस्त्री घामाची वाट बघत भरतच राहतो. हाच पाइप जुलैत कमी गॅसवरही ओलाचिंब दिसेल. गॅस जास्त झाला की हाय साइडचा दाब चढतो, कूलिंग उलट घटतं, कॉम्प्रेसरला जोर जास्त लागतो आणि मांजरसुंब्याचा घाट चढताना भरलेल्या गाडीचं इंजिन तापतं. त्याचा दोष मग रेडिएटरवर जातो. काही जुन्या गाड्यांच्या ड्रायरवर छोटी काच असते, तिच्यात बुडबुडे दिसणं थांबेपर्यंत भरायची पद्धतही तितकीच फसवी: गॅस पुरेसा असला तरी काच स्वच्छ दिसते, आणि अजिबात नसला तरीही स्वच्छच दिसते. म्हणून कंपनीनं बॉनेटखालच्या पट्टीवर ग्रॅमचा आकडा छापलेला असतो. पीएसआयचा आकडा त्या पट्टीवर सहसा नसतोच.

"एवढं बघायला मिस्त्रीला वेळ कुठं असतो? दारात धा गाड्या उभ्या असतात." खरं आहे, आणि दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. देशाचा कूलिंग कृती आराखडा मार्च २०१९ मध्ये आला, त्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. तालुक्याच्या गावातला पोरगा मात्र अजून उस्तादाच्या हाताखाली, बघून बघूनच शिकतो. गर्दी आहे हे मान्य केलं तर उलट आधी स्वस्त आणि झटपट गोष्टी बघायला हव्यात, आणि त्यांतल्या बऱ्याच मालकांना स्वतःच्या दारात बघता येतात. बीडच्या रस्त्यांवर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाचे ट्रॅक्टर चालतात. पाचटाचा भुगा, गेवराई-माजलगावकडचा कापसाचा तंतू, कच्च्या रस्त्याचा फुफाटा, वर किडे, हे सगळं कंडेन्सरच्या जाळीत जाऊन बसतं. उन्हाळा सुरू होतो तेव्हा जाळी सर्वांत जास्त तुंबलेली असते. गाडी धावताना गारवा येतो, टोलनाक्यावर किंवा सिग्नलला थांबली की जातो, अशी तक्रार असेल तर आधी ही जाळी आणि तिच्यामागचा फॅन बघा. पाण्याची हलकी धार आतल्या बाजूनं बाहेर सोडली तर पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा मारला तर जाळीच्या पात्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. हवाच कमी येत असेल तर गॅसचा संबंध नाही, ब्लोअर किंवा धुळीनं बसलेली कॉइल आणि असल्यास केबिन फिल्टर बघायचा. बटण दाबल्यावर बॉनेटमधून क्लच बसल्याचा 'टक्' आवाजच येत नसेल तर फ्यूज, रिले, वायर, बेल्ट आधी. कमी गॅसमुळेही क्लच बसत नाही, पण ते या सगळ्यांनंतर.

मालक इथं खर्चावर येतात, आणि यायलाच हवेत. "सगळं पटतंय सर. पण दरवर्षी गॅस भरायला जातात ते थोडे पैसे. लीकेज कॉइलमध्ये निघालं तर अख्खा डॅशबोर्ड उघडायचा. तेवढ्या पैशात मी कितीतरी वर्षं गॅस भरेन." या हिशोबात एक खर्च धरलेला नाही: तेल. कॉम्प्रेसरला इंजिनसारखं वेगळं ऑइल पंपानं पोचत नाही. त्याचं तेल गॅसमध्ये मिसळून सगळ्या पाइपांतून फिरतं आणि गॅसबरोबरच परत येतं. गळतीच्या जागी तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते ती म्हणूनच. गॅस जातो तेव्हा थोडं तेल बाहेर जातं, आणि उरलेल्या अपुऱ्या गॅसबरोबर तेल कॉम्प्रेसरपर्यंत नीट परतत नाही. दरवर्षी नुसता गॅस भरणारा मालक दरवर्षी कॉम्प्रेसर थोडा थोडा कोरडा करत असतो. कॉम्प्रेसर घासून बसला की त्याचा धातूचा चुरा कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह सगळीकडे जातो, आणि तेव्हाचं बिल डॅशबोर्ड उघडण्यापेक्षा मोठं असतं. गाडी बनवणाऱ्यांनी यावर एक पहारेकरी बसवलेला असतो: गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. पण 'क्लच बसत नाही' म्हणून तो स्विच 'डायरेक्ट' करून देणारे हात कमी नाहीत. मालकाला वाटतं मिस्त्रीनं चलाखीनं काम भागवलं. खरं तर ज्या वायरीनं कॉम्प्रेसर वाचला असता तीच कापली गेली. स्विच खरोखर खराब असेल तर नवा घाला, पण डायरेक्ट करून देतो म्हणणाऱ्याकडून गाडी परत न्या.

आणि लीकेज नेहमी कॉइलमध्येच असतं असंही नाही. पुढच्या कंडेन्सरला खडीचा मार बसतो; जोडांमधल्या ओ-रिंग वाळून चिरतात; ज्यातून गॅस भरतात त्या नळीची पिन गळते आणि वरची झाकणी कधीच हरवलेली असते. हिवाळाभर डिझेल वाचवायला एसी बंद ठेवणाऱ्यांच्या गाडीत शाफ्ट सील तेलाविना सुकतो; आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवला तर तो ओला राहतो. यांतल्या बहुतेक जागा साबणाच्या फेसानं तासाभरात सापडतात. फेस बघण्यापुरता दाब द्यायला नायट्रोजन हवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्याबरोबर दमट वाफ आत जाते, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर तर कधीच नको, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. दुरुस्तीनंतर ड्रायर बदलून किमान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम मारायचा. हा वेळ फुकट जातो असं मालकांना वाटतं, आणि गर्दीच्या दिवसांत पाच मिनिटांत पंप काढला जातो. पण व्हॅक्यूमचं खरं काम पाणी उकळवण्याचं असतं: दाब हवेच्या चौदाव्या हिश्शापर्यंत उतरला की पाणी ४० अंशालाच उकळतं आणि वाफ होऊन बाहेर ओढलं जातं. ते आत राहिलं तर व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फ होऊन गॅस अडवतं. मग एसी वीस मिनिटं चालतो, बंद पडतो, थोड्या वेळानं आपोआप पुन्हा चालतो, आणि अशा गाडीतही गॅसच भरला जातो. पंप बंद करून अर्धा तास काटा जागेवर राहतो का हेही बघायचं. राहिला नाही तर गॅसची टाकी उघडायचीच नाही.

"बरं, आणि ते ओझोन, ग्लोबल वॉर्मिंग? ते आम्हा जीपवाल्यांच्याच माथी मारता का?" मालकांचा हा राग रास्त आहे. पृथ्वी तापवण्यात आष्टी-पाटोद्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाचा वाटा नगण्य आहे, आणि त्याची झळ त्याला सर्वांत आधी लागते. तरी एक आकडा ठाऊक असावा. आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरून ठेवतो. गाडीतला अर्धा किलो गॅस हवेत गेला तर ७१५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं, म्हणजे जवळपास २६५ लिटर डिझेल जाळल्याइतकं. हे पटवून घ्यायचं नसलं तरी बाजार पटवून देईल. १९९०च्या सुरुवातीच्या एसी गाड्यांत आर-१२ असायचा. ओझोन वाचवण्याचा मॉन्ट्रियल करार १९८७ चा, भारत त्यात १९९२ साली सामील झाला, आणि १ ऑगस्ट २००८ पासून दम्याच्या पंपांचा अपवाद सोडून आर-१२सारख्या सीएफसींचं उत्पादन इथं थांबलं. ज्यांच्या जुन्या गाड्या दरवर्षी गॅस पीत होत्या त्यांना अचानक ड्रायर, तेल, भरायच्या नळीचे जोड सगळं बदलून आर-१३४एवर यावं लागलं. ज्यांची गळती बंद होती त्यांची गाडी आहे त्या गॅसवर चालत राहिली. आता त्याच कराराच्या किगाली दुरुस्तीप्रमाणे, जी भारतानं २०२१ मध्ये मंजूर केली, आर-१३४एच्या कुळाचीही कपात २०३२ पासून सुरू होणार आहे, २०४७ पर्यंत ८५ टक्के. ट्रकच्या केबिनला एसीची सक्तीही नुकतीच आली आहे, म्हणजे गॅस मागणारे वाढणार.

मालकांकडे यावरही तोड आहे: "मग तो दुसरा स्वस्त गॅस येतो ना, कूलिंग जास्त देतो म्हणतात." प्रोपेन, ब्युटेन हे गारवा चांगला देतात, हे शास्त्रीयदृष्ट्या खरं आहे, कित्येक घरगुती फ्रिजमध्ये तसाच गॅस असतो. पण फ्रिजमध्ये तो मोजून काही ग्रॅम असतो आणि त्यासाठीच यंत्र बांधलेलं असतं. गाडीत कूलिंग कॉइल प्रवाशांच्या गुडघ्यांपुढं असते. जी कॉइल आर-१३४ए गळत होती तीच आता पेटणारा गॅस बंद काचांच्या आत सोडेल, आणि गाडीत कुणीतरी बिडी पेटवेल. इथं माझ्याकडून कसलीही तडजोड नाही.

राहिली ती खरी अडचण. लीकेज कॉइलमध्येच निघालं, गाडी चौदा वर्षांची, तिला पुन्हा रजिस्ट्रेशन करायचं की विकायची याचाच निर्णय नाही. अशा वेळी मालकांचं गणित बरोबर असू शकतं. कॉइलचा खर्च गाडीच्या किमतीला झेपत नसेल तर एसी बंद ठेवावा, आणि भाडं ठरवताना तसं गिऱ्हाइकाला सांगावं. दर मार्चला भरून जूनमध्ये हवेत सोडणं हा तिसरा मार्ग नव्हे. गळती इतकी मंद असेल की भरलेला गॅस दोन-तीन उन्हाळे टिकतो, तर कॉइल उघडू नका, भरा आणि चालवा, हेही मी म्हणेन. फक्त यातली कुठली गाडी आपली, हे वजनाशिवाय कळणार नाही. "वजनकाटा असलेलं गॅरेज आता केजला कुठं शोधू?" किराणा दुकानात जो इलेक्ट्रॉनिक काटा असतो तोच पुरतो, पाच-दहा ग्रॅमचा फरक इथं चालतो. व्हॅक्यूम मारून झाल्यावर गॅसची टाकी काट्यावर उभी करा, पट्टीवर छापलेला आकडा घटेपर्यंत भरा. मग मिस्त्रीकडून तारीख आणि ग्रॅम बॉनेटच्या आत मार्करनं लिहून घ्या, आणि पुढच्या वेळी किती घालावे लागले तेही त्याच्याच खाली.